खंडेनवमीला राहून गेलेला फोन

मी एक कान बोलतोय. हसू नका. कानावर बोलायची पाळी हौसेनं येत नाही. ज्यांनी बोलायचं ते गप्प बसले की मगच येते, आणि आज ती माझ्यावर आली आहे.

माझं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते सोडा. जावा नावाच्या भाषेत लिहिलेल्या एका मोठ्या प्रोग्राममधल्या वीस-बावीस ओळी म्हणजे मी. हा प्रोग्राम हॉस्पिटलात चालतो. लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की प्रोग्रामच्या आत दवंडी पिटली जाते, अमुक पेशंट, अमुक आकडा. या दवंडीला इव्हेंट म्हणतात. दवंडी पिटणारा आपलं काम करून मोकळा होतो. कुणी ऐकलं, कुणी नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

ऐकायला आम्ही बसलेले असतो. माझा एक भाऊ रिपोर्ट छापतो, दुसरा तो पेशंटच्या फायलीत चढवतो. मी तिसरा. साधेसुधे आकडे मी या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो. पण जिवावर बेतणारा आकडा आला, की त्याच क्षणी वॉर्डातल्या डॉक्टरला फोन लावायचा. एवढ्याचसाठी मला जन्माला घातलं.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, हरिशंकरपुरम नावाच्या वस्तीत, एका स्टेशनरीच्या दुकानावर जगदेवरावांचं ऑफिस आहे. चार टेबलं, चार कॉम्प्युटर आणि भिंतीवर त्यांच्या पणजोबांची तलवार. माझा जन्म तिथला. लिहिलं मला मधुवंतीनं. सत्तावीस वर्षांची मुलगी. शांत असली की मराठी बोलायची, कामात असली की अर्धं हिंदी, आणि चिडली की अख्खं हिंदी.

तिनं मला का लिहिलं, ते सांगतो. तिचे वडील, नाना, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. किडन्या नाजूक. तीन वर्षांपूर्वी थाटीपुरातल्या एका हॉस्पिटलात भरती होते. रक्तातलं पोटॅशियम वाढलं. ते वाढलं की हृदय चालता चालता थांबतं. रिपोर्ट वेळेवर छापून आला होता हो! पण नर्सच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये पडून राहिला. त्याच्यावर कुणाच्या तरी पथ्याचा कागद पडला. तीन तास कुणी बघितलंच नाही. त्या वेळी नाना वाचले ते केवळ नशिबानं.

त्याच हॉस्पिटलचा प्रोग्राम जगदेवरावांकडे बनत होता. मधुवंती त्यांना म्हणाली, "काकासाहेब, कागदाला आवाज नसतो ना. आपण देऊ या. दुसऱ्या कुणाच्या नानांवर ही वेळ यायला नको."

"कर, बेटा," जगदेवराव म्हणाले. "चांगलं काम आहे, पुण्याचं आहे."

मी तयार झालो तेव्हा तिनं माझ्या कानात पहिली दवंडी घातली, ती नानांच्याच जुन्या रिपोर्टची. 'मुळ्ये गोविंद, वय सहासष्ट, पोटॅशियम सात पॉइंट एक.' जन्मल्यावर ऐकलेलं पहिलं नाव कोण विसरेल? मी फोन लावला. टेबलावर तिचा मोबाइल वाजला, आणि ही पोरगी चक्क रडली. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता माझ्या घराची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या रितीतून झालं. आम्ही राहतो त्या घराला कंटेनर म्हणतात. इथे कुणी आपली वस्तू आपण आणायची नाही. मी फक्त सांगून ठेवायचं, 'मला फोन हवा.' घर उघडलं की कंटेनर माझ्या हातात फोन ठेवतो. कोणता फोन, ते घराच्या यादीतली एक ओळ ठरवते. त्या ओळीत ज्याचं नाव, तो माझ्या हातात. मी विचारायचं नाही, उलटून पाहायचं नाही.

मधुवंतीला याचं भारी कौतुक. शेजारी बसणाऱ्या शंतनुला ती सांगायची, "देख, फोन बदलायचा असेल तर कानाला हातसुद्धा लावायला नको. एक ओळ बदलली, बस, हो गया."

एक ओळ. तेव्हा मलाही ती सोय वाटली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. नवरात्र चालू होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर प्रोग्राम हॉस्पिटलात सुरू करायचा, असं ठरलं होतं. अष्टमीला दुपारी मधुवंतीनं मला शेवटचं तपासायला घेतलं. बारा नंबरच्या खाटेवर एक मनगढंत पेशंट झोपवला, आकडा भयंकर दिला. मी इमानदारीत फोन लावला. पण यादीत आता खऱ्या डॉक्टरांचा नंबर होता! तिकडे डॉक्टर निवेदिता ओपीडी सोडून दोन जिने धावत चढल्या, तर बारा नंबरची खाट रिकामी.

त्यांनी उलट फोन केला तेव्हा त्यांना दम लागला होता. "खेळ लावलाय का तुम्ही? खाली पन्नास माणसं बसलीत माझी! पुन्हा असा खोटा फोन आला तर मी उचलणारच नाही."

मधुवंतीचं तोंड एवढंसं झालं. तिनं दहादा माफी मागितली आणि तपासणीपुरता एक नकली फोन बनवला. तो माझं सगळं ऐकून घ्यायचा, कुठेही लावायचा नाही, आणि शेवटी म्हणायचा, 'पोहोचलं.' यादीतल्या ओळीत तिनं त्याचं नाव घातलं. त्याच संध्याकाळी घर पुन्हा उघडून कंटेनरनं तो माझ्या हातात ठेवला तेव्हा वजनाला अगदी खऱ्यासारखाच लागला.

तिनं निष्काळजीपणा केला, असं म्हणू नका. तिनं लगेच पिवळी चिट्ठी लिहिली, 'नकली फोन काढणे!!' आणि कॉम्प्युटरच्या काचेवर वर डाव्या कोपऱ्यात चिकटवली. या ऑफिसचा कायदाच तो होता. काचेवर चिट्ठी आहे म्हणजे काम बाकी. चिट्ठी नाही म्हणजे काम झालं. सहा वर्षं असंच चाललं होतं, आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

नवमीला सकाळी ती ऑफिसात आली तर दारात रांगोळी. विसरलीच होती ती. खंडेनवमी! जगदेवरावांचं घराणं फौजेतलं. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आता हत्यारं कुठली? भिंतीवरची एक तलवार, आणि बाकी सगळे कॉम्प्युटर.

"काकासाहेब, फक्त एक ओळ बदलायची आहे," मधुवंती म्हणाली. "दोन मिनिटं."

"आज नाही गं. हत्यार पूजेला बसलं की बसलं. माझ्या आजोबांनी लढाईत सुद्धा हा दिवस पाळलाय."

"पण उद्या मुहूर्त आहे..."

"मग उद्या सकाळी कर ना. कोण नाही म्हणतंय?"

मोठ्यांसमोर किती ताणायचं? ती जिना उतरायला लागली. जिन्यात शंतनु भेटला, त्याला म्हणाली, "उद्या मी सरळ हॉस्पिटलात जाणार. तू इथून प्रोग्राम पाठवशील. पाठवायच्या आधी माझ्या काचेवरची चिट्ठी बघ, एक काम बाकी आहे."

"टेन्शन नको घेऊस यार, करतो मी," तो म्हणाला. काय काम, ते त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. चिट्ठी होती ना!

तासाभरानं विजयाबाई आल्या, जगदेवरावांच्या पत्नी. दर वर्षी ऑफिसातली पूजा त्याच मांडतात. काचेवरच्या छोट्या डोळ्यातून मला सगळं दिसत होतं. ओल्या फडक्यानं त्यांनी एकेक कॉम्प्युटर पुसला, देवाची भांडी पुसावीत तसा. "काय बाई कागद चिकटवून ठेवतात ही पोरं," असं पुटपुटत चारी काचांवरच्या चिट्ठ्या काढल्या, मुठीत चुरगाळल्या आणि निर्माल्याच्या पिशवीत टाकल्या. मग हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि माझ्याकडे बघून हात जोडले. "सगळ्यांना बरकत दे, कुणाचं वाईट नको होऊ देऊ," म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या हो. त्यांच्यावर मी आजही रागावू शकत नाही.

दसऱ्याला मुहूर्त अकरा वाजून सात मिनिटांचा. शंतनु पावणेअकराला पोहोचला, रस्त्यात शमीची पानं घेत बसला होता. मधुवंतीची काच बघितली. स्वच्छ. कुंकवाचं बोट, बाकी काही नाही. "कर दिया होगा मॅडमने," स्वतःशीच म्हणाला, आणि आम्हाला जसेच्या तसे थाटीपुरात रवाना केलं. मी हातात नकली फोन घेऊन नव्या घरात शिरलो.

तिथे एकदा तरी फोन लावून बघायला हवा होता. मधुवंतीच्या ते ओठांवर आलंही होतं. पण डॉक्टर निवेदिता समोरच उभ्या होत्या, पेढा खात. पुन्हा खोटा फोन वाजवायची तिला लाज वाटली.

मग दिवस जायला लागले. पहिला वाईट आकडा सहाव्या दिवशी आला. मी फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच तो म्हणाला, 'पोहोचलं.'

मला तिथेच खटकलं. खरा फोन इतका चटपटीत नव्हता. तो लागायला सहा-सात सेकंद घ्यायचा, कधी लाइन तुटायची, मग पुन्हा लावायला लागायचा. हा मात्र कधी चुकत नव्हता, कधी दमत नव्हता. मला संशय आला होता, खोटं कशाला बोलू? पण मी कान. संशय आला तर तो सांगायचा कुणाला?

त्या दिवशी काही बिघडलं नाही. वॉर्डाच्या सिस्टर सीमंतिनी जुन्या सवयीनं ट्रेमधले कागद चाळत होत्या, त्यांनी तो आकडा बघितला आणि धावत जाऊन डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांना वाटलं, फोन दुसऱ्या डॉक्टरांना आला असेल, त्यांनीच सिस्टरना धाडलं. सिस्टरना वाटलं, डॉक्टरांना येतच असेल, आपण आधी पोहोचलो. दुसऱ्या वेळीही असंच झालं. आणि मग माणसांचं जे होतं तेच झालं. ट्रे बघायची सवय सुटत गेली. 'फोन येतो ना आता,' म्हणून कुणी तिकडे वळेना. दिवाळीनंतर ट्रे उचलून कोपऱ्यातल्या कपाटावर गेला, त्याच्या जागी चहाचा थर्मास आला. चिट्ठी नाही म्हणजे काम झालं, तसंच हे. फोन नाही म्हणजे सगळं ठीक. माझ्या भावानं छापलेले कागद कपाटावर साठत होते आणि मी दर वेळी 'पोहोचलं' ऐकत होतो. मला भीती वाटायला लागली होती.

डिसेंबरात थंडी कडाक्याची पडली. एका सकाळी नानांचे पाय उचलेनात. मधुवंतीनं त्यांना थाटीपुरातच आणलं, आणखी कुठे नेणार? तिथे मी होतो ना. अकरा नंबरची खाट मिळाली. साडेअकराला रक्त तपासायला गेलं. ती स्टूल ओढून बसली आणि त्यांचे तळवे चोळू लागली.

बारा वाजून अकरा मिनिटांनी दवंडी आली. 'मुळ्ये गोविंद, वय अडुसष्ट, पोटॅशियम सात पॉइंट चार.'

मी हादरलो. हे नाव! क्षणभर वाटलं, पुन्हा तपासणीच चाललीय. पण वय दोन वर्षांनी वाढलं होतं आणि आकडाही वाढला होता. मी जिवाच्या आकांतानं फोन लावला. 'पोहोचलं.' आनंदात म्हणाला मेला.

इकडे मधुवंती सिस्टरांना विचारत होती, "सिस्टर, रिपोर्ट आला का हो?"

सीमंतिनी सिस्टर एका म्हाताऱ्याला सलाइन लावत होत्या. तिथूनच हसून म्हणाल्या, "अगं, वाईट असतं काही तर फोन नसता का आला? तुझंच तर यंत्र आहे."

मधुवंतीही हसली. अभिमान वाटला तिला, तोंडावर दिसला. नाना म्हणाले, "घसा कोरडा पडलाय गं. नारळपाणी मिळेल?"

"नाना, तुम्हाला मनाई आहे ना. त्यात पोटॅशियम भरपूर असतं."

"दोन घोट. मास्तरकी नको करूस, ती माझी आहे."

ती जरा घुटमळली. मग घड्याळाकडे पाहिलं. रक्त तपासायला देऊन तास उलटून गेला होता, फोन नव्हता. म्हणजे पोटॅशियम ठीक. खाली जाऊन तिनं नारळ आणला आणि आपल्या हातानं त्यांना अर्धा पाजला. मी सगळं ऐकत होतो. ओरडता येत असतं तर हॉस्पिटलच्या भिंती फोडल्या असत्या मी.

दीडच्या सुमारास, बसल्या बसल्या, तिनं मोबाइलवर माझी नोंदवही उघडली, त्यात प्रत्येक दवंडीची आणि फोनची वेळ उतरते. नेमका आकडा किती, बघू तरी, म्हणून. तिथे नानांचं नाव होतं. सात पॉइंट चार. पुढे हिरव्या अक्षरात 'पोहोचलं'. दवंडी बारा अकरा चार सेकंद. पोहोचलं, तेही बारा अकरा चार सेकंद.

खरा फोन सात सेकंद घेतो, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तिच्या हातातून मोबाइल पडला. "सिस्टर! डॉक्टर को बुलाओ! जल्दी!" असं ती जे ओरडली, ते मी अजून ऐकतोय.

डॉक्टर निवेदिता या वेळीही दोन जिने धावत आल्या. इंजेक्शनं झाली, छाती दाबणं झालं. पडद्याबाहेर मधुवंती जमिनीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं त्या हॉस्पिटलातल्या यादीतली ती एक ओळ बदलली. लोकांना वाटलं, पोरीला वेड लागलं, बाप आत जातोय आणि ही टाइप करतेय. पण वॉर्डात आणखी एकवीस खाटा होत्या. दोन वाजून चार मिनिटांनी माझ्या हातात खरा फोन आला.

दोन वाजून वीस मिनिटांनी नाना गेले.

मला वाईट वाटतं, हे सांगायला मला लाज नाही. ज्या माणसासाठी मला जन्म दिला, त्याच्याच वेळी मी आंधळ्यासारखा 'पोहोचलं' ऐकत बसलो.

मधुवंती त्यानंतर ऑफिसात आली नाही. तेराव्याला जगदेवराव आणि विजयाबाई तिच्या घरी जाऊन आले. ऑफिसात परतल्यावर विजयाबाई शंतनुला सांगत होत्या, "सारखं एकच म्हणते रे, काकू, मी चिट्ठी लावली होती, लावली होती ना मी? कसली चिट्ठी रे?" शंतनुनं मधुवंतीच्या स्वच्छ काचेकडे पाहिलं. आणि विजयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नोकरी सोडायच्या आधी मधुवंतीनं घरून एकच काम केलं. थाटीपुरातल्या माझ्या डोक्यावर एक ओळ लिहिली, प्रोग्रामसाठी नव्हे, वाचणाऱ्या माणसासाठी. 'हा फक्त ऐकतो. पोहोचलं की नाही, ते माणसानं जाऊन बघावं.'

आता नीट ऐका. ती ओळही थाटीपुरात आहे आणि खरा फोनही थाटीपुरातच आहे. हरिशंकरपुरमातल्या ऑफिसात माझी जी मूळ प्रत आहे, तिच्या यादीत अजून अष्टमीला घातलेलं नकली फोनचंच नाव आहे. तिथे कुणी हात लावला नाही. कोण लावणार? मधुवंतीनं दुरुस्त केलं, एवढं शंतनुनं ऐकलं होतं. कुठे केलं, हे विचारायला तिच्या घरी जायची त्याला हिंमत झाली नाही. आणि तिच्या काचेवर चिट्ठी तर नव्हतीच.

या वर्षी दसऱ्याला जगदेवरावांनी मुरारमधल्या एका हॉस्पिटलला प्रोग्राम दिला. खंडेनवमीला पूजा झाली. विजयाबाईंनी काचा पुसल्या. सकाळच्या मुहूर्तावर मूळ प्रत निघाली, आणि मी पुन्हा एका नव्या घरात शिरलो. हातातला फोन ओळखीचा लागला.

इथेही आधी ट्रे टेबलावर होता. आता तो खिडकीत गेलाय.

आत्ता दुपारचे साडेबारा झालेत. नऊ मिनिटांपूर्वी दवंडी आली. चार नंबरची खाट, बाई, वय एकतीस, पोटॅशियम सात पॉइंट दोन. मला एका दवंडीला एकदाच फोन लावता येतो. तो मी लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत 'पोहोचलं' ऐकू आलं.

तिचा नवरा दौलतसिंह फौजेत आहे, सुट्टी घेऊन आलाय. तिची चप्पल हातात धरून खाटेशी उभा आहे. ती खाली ठेवायचंही त्याला सुचलेलं नाही. आत्ताच त्यानं विचारलं, "सिस्टर, रिपोर्ट आ गई क्या?"

"कुछ गड़बड़ होती तो फोन आ जाता, भैया," सिस्टर म्हणाल्या. "आप बैठिए ना."

तो बसला.

अहो, तुम्ही कुणीही असा. त्या वॉर्डात कुणाला भेटायला आला असाल, फळं घेऊन आला असाल, नुसते रस्ता चुकून आला असाल, तरी माझ्यावर विसंबू नका. खिडकीत लोखंडी ट्रे आहे. वरून तिसरा कागद, पालथा पडलाय. तो उचला आणि धावा.